एक हात मल्लिगे

लष्कर मोहल्ला हे नाव ऐकलं की डोळ्यांसमोर कवायत, बूट आणि बंदुका येतात. लष्कर हा शब्द आपल्याला परका नाही. पुण्यातल्या कॅम्पला जुनी माणसं अजूनही ‘लष्कर’च म्हणतात. म्हैसूरच्या जुन्या वस्तीत मंडी मोहल्ला, देवराज मोहल्ला असे जे मोहल्ले आहेत, त्यांतलाच हा एक. पण आज इथून चालत निघालात, तर लष्करापेक्षा फुलंच जास्त दिसतील. देवळाच्या दारातले हार, दर्ग्यावर चढवायची फुलांची चादर, चर्चमधल्या वेदीजवळचे गुच्छ आणि कामावर निघालेल्या बायकांच्या वेणीतली पांढरी माळ.

म्हैसूरला आपण राजवाडा, दसरा आणि वृंदावन बागेसाठी जातो. या वेळी एक दिवस फक्त फुलांसाठी ठेवून बघा. लष्कर मोहल्ल्यातून सुरुवात करा आणि जुन्या शहरातून राजवाड्याकडे जा. वाटेत फुलं बाजारात दिसतील, केसांत दिसतील, सोन्यात, रेशमात, लाकडात आणि चित्रांतही दिसतील. फूल एका दिवसात सुकतं. या शहराने त्यावर दोन उपाय शोधले. एक म्हणजे रोज नवं फूल आणायचं. दुसरा म्हणजे तेच फूल टिकाऊ वस्तूत उतरवायचं. हे दोन्ही उपाय एकमेकांना धरून आहेत, आणि त्यातला पहिला आता कठीण होत चालला आहे. म्हणून हा लेख.

अशोक रोडवरून

लष्कर मोहल्ल्याची सगळ्यात उंच खूण म्हणजे अशोक रोडवरचं सेंट फिलोमिना चर्च. १९३३ साली महाराज कृष्णराज वाडियार चौथे यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. त्याचे जुळे मनोरे १७५ फूट उंच आहेत. आत रंगीत काचांच्या खिडक्या आहेत. हिंदू राजा, ख्रिस्ती मंदिर आणि भोवती सगळ्या धर्मांची वस्ती, असा हा मोहल्ला. प्रत्येकाची प्रार्थना वेगळी, पण हातात घेऊन जायची वस्तू बहुतेक वेळा एकच: फूल.

चर्चकडून अशोक रोडने दक्षिणेकडे चालत गेलं की सोन्याचांदीची दुकानं लागतात आणि पुढे येतो ‘दोड्ड गडियार’, म्हणजे मोठ्या घड्याळाचा मनोरा. तिथून के. आर. सर्कल ओलांडून सय्याजी राव रोडला लागायचं. हे नाव वाचून मराठी माणूस क्षणभर थांबतोच. हो, हे आपल्या बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. दसऱ्याची जंबू सवारी, सोन्याच्या अंबारीचा हत्ती, सगळं याच रस्त्यावरून जातं. आणि याच रस्त्याला लागून आहे देवराज मार्केट, म्हैसूरच्या फुलांचं जुनं घर.

मोळ आणि मारु

देवराज मार्केटात कुंकवाचे रंगीत ढीग आहेत, केळीचे घड आहेत, अत्तराच्या बाटल्या आहेत. पण फुलांच्या गल्लीत शिरलात की बाकी सगळ्याचा विसर पडतो. केशरी आणि पिवळा झेंडू, शेवंती, गुलाब, सोनचाफा, निशिगंध, हिरवागार मरवा आणि दवणा. यातली बरीच नावं तुम्हाला कानडी न येताही कळतील. शेवंतीला तिथे ‘सेवंतिगे’ म्हणतात, सोनचाफ्याला ‘संपिगे’, जाईला ‘जाजी’. अबोलीचं नाव मात्र एकदम राजेशाही: ‘कनकांबर’. आणि मोगऱ्याच्या कुळातल्या पांढऱ्या सुवासिक फुलांचं नाव ‘मल्लिगे’. संस्कृत मल्लिका आणि कानडी मल्लिगे, एकच घराणं.

माळ विकत घ्यायची तर वजनाने नाही, हाताने मोजून घ्यायची. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक ‘मोळ’, म्हणजे आपला एक हात, साधारण दीड फूट. दोन्ही हात पसरून जे अंतर होतं ते ‘मारु’, म्हणजे आपली वाव. त्यात चार मोळ बसतात. मोजपट्टी विकणाऱ्याच्या अंगावरच असते. साहजिकच ज्याचा हात लांब, त्याच्याकडची माळ लांब. ‘अक्का, एक मोळ द्या’ म्हटलं की काम झालं. अक्का म्हणजे थोरली बहीण. बेळगाव, कोल्हापूरच्या वाचकांना हे सांगायला नको.

इथे एक बारीक फरक बघण्यासारखा आहे. आपण गजरा ‘ओवतो’. सुई घ्यायची, दोरा घालायचा आणि फुलाच्या देठातून आरपार न्यायचा. म्हैसूरकडे फूल ‘बांधतात’. सुई नाहीच. दोन कळ्या एका बाजूला तोंड करून, दोन दुसऱ्या बाजूला, देठाला देठ लावून ठेवायच्या, बोटाने दोऱ्याचा फास टाकायचा आणि ओढायचा. पुन्हा दोन, पुन्हा दोन. फुलाला भोक पडत नाही. सराव असलेली बाई हे बोलता बोलता, गिऱ्हाइकाकडे बघत, हाताकडे न बघता करते. आपल्याकडे कोकणात अबोलीचा वळेसर याच पद्धतीने बांधतात, तोही केळीच्या सोपटाच्या धाग्याने. म्हैसूरलाही जुन्या पद्धतीत केळीचाच धागा वापरतात. ओला केला की तो मऊ होतो, फुलाला थोडा गारवा देतो आणि शेवटी फुलाबरोबर मातीत मिसळून जातो.

वेळेचंही गणित आहे. मल्लिगेची कळी उमलायच्या आधीच, पहाटे, तोडावी लागते. सकाळी बाजारात येते तेव्हा ती मिटलेली असते. दिवसभर हळूहळू तयार होते आणि संध्याकाळी उमलून वास सोडते. म्हणजे सकाळी जी माळ बायका वेणीत माळतात, तिचा खरा सुगंध दिवेलागणीला घरी येतो.

कळ्यांची वेणी आणि पाठीमागचा आरसा

म्हैसूरच्या फुलांच्या कामातला सगळ्यात देखणा प्रकार म्हणजे ‘मोग्गिन जडे’. मोग्गु म्हणजे कळी, जडे म्हणजे वेणी. मल्लिगेच्या न उमललेल्या कळ्या रांगेने लावून पूर्ण वेणीभर पांढरं आवरण करायचं, मध्ये मध्ये अबोलीचे केशरी पट्टे किंवा गुलाबाची पाकळी. मानेपासून कमरेपर्यंत वेणीच दिसू नये, फक्त कळ्या दिसाव्यात. नवरीला हा शृंगार करतात, डोहाळजेवणाला करतात, भरतनाट्यमच्या रंगमंचावर करतात आणि हौसेने लहान मुलींनाही करतात.

जुन्या म्हैसूरच्या घरांत मुलींचा एक खास फोटो सापडतो. स्टुडिओत मुलगी समोर बघत उभी असते आणि तिच्या मागे आरसा ठेवलेला असतो. का? तर वेणी फोटोत आली पाहिजे. एवढ्या तासांची मेहनत, दुसऱ्या दिवशी सगळं सुकणार, मग निदान आरशातली तरी राहू दे. फुलाची शोभा टिकवायची आपली धडपड किती जुनी आणि किती प्रेमळ आहे, हे त्या फोटोत दिसतं.

आपल्याकडे डोहाळजेवणात फुलांची वाडी भरतात ती याचीच मावसबहीण. मोगऱ्याचा मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, हातातली फुलांची कंकणं. तिथेही आधी फोटो, मग जेवण. दोन्हीकडे भाव तोच: जिच्या पोटात नवा जीव आहे, तिला आज फुलांनी मढवायचं.

न सुकणारं फूल: सोनं

फूल सुकतं हे कळल्यावर माणसाने ते सोन्यात घडवलं. अशोक रोडवरच्या सराफी दुकानात डोकावलात तर मल्लिगेच्या कळ्यांसारखे मणी ओळीने गुंफलेले हार दिसतील. कानडीत त्यांना कळ्यांचंच नाव आहे: ‘मल्लिगे मोग्गिन सर’. आता आपल्या आजीचा डबा उघडा. त्यात काय आहे? बकुळहार. बकुळीच्या फुलासारखी बारीक, कातरलेल्या पाकळ्यांची सोन्याची फुलं. चाफेकळीच्या आकाराचे मणी. केसांत घालायचं सोन्याचं गुलाबाचं फूल, शेवंतीचं फूल, केवड्याच्या पानासारखं केतक. कानातली मोत्यांची कुडी म्हणजे तर सरळ सरळ फूलच आहे, मध्ये एक मोती आणि भोवती पाकळ्या.

गंमत अशी की आपल्यापैकी अनेकींनी बकुळहार घातला आहे, पण बकुळीचं झाड ओळखता येईल का, असं विचारलं तर उत्तर द्यायला वेळ लागतो. बकुळीचं फूल झाडाखाली गळून पडतं, वेचून घ्यावं लागतं, आणि सुकल्यावरही कितीतरी दिवस वास देत राहतं. म्हणूनच ते पुस्तकात, कपड्यांच्या घडीत ठेवायची पद्धत पडली. हे माहीत असलेल्या सोनाराने त्याचा दागिना केला आणि हे माहीत असलेल्या बाईने तो मागितला. झाड विसरलो की हार ‘फ्लोरल डिझाइन’ होतो. त्याचं नाव हरवतं.

रेशमात आणि खणात

म्हैसूर सिल्क हे नाव घराघरात आहे. म्हैसूर संस्थानाने १९१२ साली रेशमाचा कारखाना सुरू केला. आज तो कर्नाटक सरकारच्या रेशीम महामंडळाकडे आहे. त्यांच्या साडीच्या जरीत ६५ टक्के चांदी आणि ०.६५ टक्के सोनं असतं. पारंपरिक म्हैसूर सिल्क साडी बघितली तर अंगभर नक्षीचा गोंधळ नसतो. एकरंगी, मऊ, अंगाला लपेटून राहणारं कापड आणि काठाला जर. का ते तिथल्या एखाद्या लग्नात बसून बघा. साडी साधी असते, कारण खरी नक्षी केसांत असते. मोराच्या निळ्या रंगावर किंवा डाळिंबी रंगावर पांढरी मल्लिगे जशी उठून दिसते, तशी गच्च भरलेल्या साडीवर दिसली नसती.

आपली पैठणी याच्या उलट बोलते. तिच्या पदरावर मोर, मुनिया, कमळ आणि ‘असावली’ म्हणजे फुलांची वेल विणलेली असते. कमळ बघून अजिंठ्याची आठवण होते. तिथल्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी हातात निळं कमळ घेऊन उभा आहे, आणि छतांवरही फुलांची नक्षी आहे. दगडात कोरलेल्या लेण्यातलं फूल आणि येवल्याच्या मागावरचं फूल, एकाच सवयीतून आलेलं.

आणि महाराष्ट्र आणि कर्नाटक यांना जोडणारं कापड हवं असेल तर ते आहे खण. ओटीत घालायचा खण, चोळीचा खण, आणि आता फॅशनमध्ये परत आलेल्या खणाच्या साड्या, कुर्ते, पर्स, अगदी मुलांच्या टोप्यासुद्धा. या खणाचं मोठं केंद्र आहे कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डमध्ये. गर्द रंग आणि त्यावर बारीक, ओळीत बसलेल्या बुट्ट्या. धारवाडकडची कसुती म्हणजे कशिदा, तीही आपल्या इरकली साड्यांवर येते: तुळशीवृंदावन, कमळ, गोपुर, हत्ती. कापड मोजून, टाके मोजून, दोन्ही बाजूंनी सारखं दिसेल असं भरलेलं फूल. पुढच्या वेळी खणाचा ब्लाऊज शिवायला टाकाल तेव्हा त्यावरच्या बुट्टीकडे क्षणभर बघा. तिने बरीच वाट चाललेली आहे.

लाकूड, दगड, काच

राजवाड्यात गर्दी असते, आणि गर्दीत आपण मान वर करून छत बघतो आणि पुढे सरकतो. या वेळी थोडं थांबा. १८९७ साली जुना लाकडी राजवाडा जळाला. त्यानंतर हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाच्या आराखड्यावर आजचा राजवाडा उभा राहिला आणि १९१२ मध्ये पूर्ण झाला. कल्याण मंडपात ग्लासगोच्या कारखान्यात ओतलेले लोखंडी खांब आहेत आणि वर रंगीत काचांचं छत, त्यात मोर आणि फुलांच्या आकृती. अंबाविलास दालनात शिसवी दरवाज्यांवर हस्तिदंताचं जडावकाम आहे आणि फरशीत रंगीत दगड बसवून केलेली फुलांची पच्चीकारी.

हेच जडावकाम म्हैसूरच्या छोट्या कार्यशाळांत आजही चालतं. शिसवी लाकडात आकार कोरायचा आणि त्यात वेगळ्या रंगाच्या लाकडाचा तुकडा अचूक बसवायचा. हस्तिदंतावर बंदी आल्यानंतर कारागिरांनी निरनिराळ्या लाकडांच्या नैसर्गिक रंगांवर जास्त भर दिला. पिवळ्या पाकळीसाठी फणसाचं लाकूड चालतं, कारण ते मुळातच पिवळं असतं. म्हणजे रंग लावलेला नसतो, निवडलेला असतो. ट्रेवर, पेटीवर, भिंतीवरच्या चौकटीत अशी फुलं असतात. विकत घेताना हात फिरवून बघा. चांगल्या कामात जोड बोटाला लागत नाही.

पत्त्यांवरही फुलं आहेत. महाराज कृष्णराज वाडियार तिसरे यांना गंजिफाचा मोठा नाद होता. त्यांनी या खेळाचे नवे प्रकार तयार करवले. म्हैसूरचा गंजिफा आणि आपल्या सावंतवाडीचा गंजिफा, दोन्ही हाताने रंगवलेले, दोन्हींत देवदेवता आणि नाजूक नक्षी. सावंतवाडीच्या राजवाड्यात लाखेचं काम करणारे चितारी ही कला अजून जपून आहेत.

जगनमोहन राजवाड्यातली दोन चित्रं

मराठी पर्यटक जगनमोहन राजवाड्यात जातो तो बहुतेक वेळा एका चित्रासाठी. हातात समई, तिच्यावर धरलेला हात, बोटांमधून झिरपणारा प्रकाश. हे जलरंगातलं चित्र सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास रंगवलं आणि त्यासाठी त्यांची मुलगी गीता तासन्‌तास उभी राहिली. ते बघाच. पण तिथून लगेच बाहेर पडू नका.

याच संग्रहालयात राजा रविवर्मा यांचं गायनवादन करणाऱ्या स्त्रियांचं मोठं चित्र आहे. भारताच्या निरनिराळ्या भागांतल्या ११ स्त्रिया, प्रत्येकीचा पेहराव वेगळा, दागिने वेगळे. मुलांना समोर उभं करा आणि विचारा: कोणाच्या केसांत काय आहे? कोणाच्या साडीच्या काठावर काय आहे? पाच मिनिटांत मुलं असं काही दाखवतील, जे तुम्ही पाहिलंच नव्हतं.

रविवर्मांची आपल्याशी ओळख मात्र राजवाड्यातली नाही, देवघरातली आहे. सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी बडोद्यात पौराणिक चित्रं काढली. मग ही चित्रं सामान्य माणसालाही मिळावीत म्हणून १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या छापील चित्रांमुळे कमळावर उभी असलेली लक्ष्मी घरोघरी पोचली. आजही कॅलेंडरवर, वहीवर, किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे जी लक्ष्मी असते, तिच्या पायाखालचं ते गुलाबी कमळ बरंचसं त्या छापखान्यातून आलेलं आहे. सय्याजी राव रोडवर फुलं घेतलीत, आणि हे चित्र आठवलं, तर एका राजाचं नाव दोन्हीकडे सापडतं.

कवितेतलं फूल

कन्नड कवी के. एस. नरसिंहस्वामी यांचा ‘मैसूर मल्लिगे’ हा कवितासंग्रह १९४२ साली आला. संसारातलं, नवराबायकोमधलं साधं, घरगुती प्रेम त्यात आहे. त्या कवितांची गाणी झाली, १९९२ मध्ये टी. एस. नागाभरण यांनी त्यावर चित्रपटही केला. फुलाचं नाव पुस्तकाला दिलं आणि पुस्तकाने फुलाचं नाव घराघरात नेलं.

मराठीतही असं एक पुस्तक आहे, आणि ते त्याच्या कितीतरी आधीचं आहे. सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ साली प्रसिद्ध झाला. त्यात पिवळ्या चाफ्यावर कविता आहे, जाईच्या फुलावर आहे. आणि फुले हे आडनावच फुलांच्या कामातून आलेलं. जोतीरावांच्या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांकडे फुलं पुरवण्याच्या कामावरून ते फुले झाले. कानडीतही फुलं विकणाऱ्याला ‘हूवाडिग’ असं खास नाव आहे. हूवू म्हणजे फूल.

हे मुद्दाम सांगायचं कारण असं की फुलांचं सौंदर्य आपल्याला दिसतं, पण ते आपल्यापर्यंत आणणारे हात बहुतेक वेळा दिसत नाहीत.

मळे कमी, बाजार जुना

आता थोडं काळजीचं. म्हैसूर मल्लिगेला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे या नावाने या भागात पिकणारं फूल म्हणून कायदेशीर ओळख आहे. पण शहर वाढत गेलं तसे भोवतालचे मल्लिगेचे मळे घटले. जमिनीला प्लॉटचा भाव आला. कळी तोडायला पहाटे माणसं लागतात, आणि ती मिळत नाहीत. बाजारातली बरीच मल्लिगे आता तामिळनाडूतल्या सत्यमंगलमसारख्या भागातून येते. फूल सुंदरच असतं, पण म्हैसूर मल्लिगे हे नाव आणि तिचा मळा यांत अंतर पडत चाललं आहे.

ज्या बाजारात ती विकली जाते, त्याचीही हीच गत. देवराज मार्केटच्या उत्तरेकडचा काही भाग २०१६ मध्ये कोसळला. तेव्हापासून जुनी इमारत पाडून नवी बांधायची की आहे तीच दुरुस्त करायची, यावर वाद झाले, प्रकरण कोर्टात गेलं. कोणाची बाजू बरोबर हे ठरवायला तज्ज्ञ आहेत. पण ज्यांची रोजची कमाई त्या फळीवर आहे, त्यांना अशा अनिश्चिततेत दिवस काढावे लागतात. न विकलेलं फूल उद्यासाठी ठेवता येत नाही. आज विकलं नाही तर ते गेलं.

तिसरी गोष्ट प्लॅस्टिकची. घरच्या तोरणापासून लग्नाच्या मंडपापर्यंत कापडी आणि प्लॅस्टिकची फुलं आली आहेत. धुऊन पुन्हा वापरता येतात, स्वस्त पडतात, हे खरं. पण सोनाराने, विणकराने, चित्रकाराने आजवर जी फुलं घडवली, ती समोर खरं फूल होतं म्हणून घडवली. मल्लिगेची कळी किती लांबट असते, टोकाला कशी निमुळती होते, हे हातात धरल्याशिवाय कळत नाही. खरं फूलच नजरेआड झालं तर पुढचा दागिना, पुढचा काठ कशावरून घडणार? प्लॅस्टिकच्या फुलावरून?

घरी काय करता येईल?

मोठं काही करायची गरज नाही. रोजच्या जगण्यात बसेल एवढंच.

• आठवड्यातून एकदा हाताने बांधलेली माळ घ्या. देवासाठी, केसांसाठी किंवा नुसती टेबलावर ठेवायला. घासाघीस करताना एवढं आठवा की एका हातभर माळेत कितीतरी गाठी असतात.

• दोरा बघून घ्या. सुती किंवा केळीच्या धाग्याची माळ असेल तर निर्माल्य सरळ कुंडीत किंवा खतात जातं. नायलॉनचा दोरा मातीत तसाच राहतो, तो आधी काढावा लागतो.

• गजरा टिकवायचा असेल तर पाण्यात भिजवू नका. ओलसर सुती कापडात किंवा केळीच्या पानात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. कळ्या असतील तर संध्याकाळपर्यंत छान राहतात.

• झेंडू फेकू नका. झेंडूच्या पाकळ्या पाण्यात उकळल्या की पिवळा रंग उतरतो. मुंबईत सिद्धिविनायक मंदिरात वाहिलेल्या फुलांपासून कापड रंगवण्याचं काम झालेलं आहे. घरी जुन्या सुती रुमालावर, तुरटीच्या पाण्यात आधी भिजवून, मुलांबरोबर करून बघा. मोठ्यांनी गॅसजवळ थांबावं.

• घरातली फुलं शोधा. सुट्टीच्या दिवशी मुलांना वही द्या. कपावर, पडद्यावर, आजीच्या पैठणीवर, खिडकीच्या गजांवर, रांगोळीच्या पुस्तकात, पूजेच्या तबकावर किती फुलं सापडतात ते काढायला सांगा. मग प्रत्येक चित्रापुढे खऱ्या फुलाचं नाव लिहायचं. जिथे नाव सुचणार नाही, तिथे आजीआजोबांना फोन करायचा. आणि एक सूचना: बागेत फुलं ओळखायला गेलात तर मुलांना कण्हेर तोंडात घालू देऊ नका, ती विषारी असते.

• एक रोप लावा. मोगरा कुंडीत चांगला येतो. ऊन लागतं, पाणी साचून चालत नाही आणि बहर संपल्यावर थोडी छाटणी लागते. पहिली कळी आली की घरातल्या सगळ्यात लहान माणसाला तोडू द्या.

म्हैसूरला जाणार असाल तर

दसऱ्याच्या दिवसांत गेलात तर कुप्पण्णा पार्कमधलं पुष्पप्रदर्शन चुकवू नका. मोठमोठ्या आकृती फुलांनी मढवलेल्या असतात आणि घरातल्या प्रत्येक वयाच्या माणसाला काहीतरी आवडतं. श्रावणात वरमहालक्ष्मीच्या व्रताच्या आधी फुलांचे भाव चढतात, जसे आपल्याकडे गौरी-गणपतीत. बाकी दिवसांत सकाळी लवकर देवराज मार्केटला जा. तेव्हा माल नुकता उतरलेला असतो, बायका मांडी घालून माळा बांधत असतात आणि फोटो काढायला जागाही असते. फोटो काढण्याआधी विचारा, आणि काढल्यावर एक मोळ माळ घ्या.

ती माळ केसांत घाला, गाडीत देवाजवळ ठेवा किंवा हॉटेलच्या खोलीत उशाशी ठेवा. संध्याकाळ होऊ द्या. दिवसभर राजवाड्यात दगडाची, काचेची, सोन्याची फुलं पाहून झालेली असतील. ती सगळी शंभर वर्षं तशीच आहेत आणि आणखी शंभर वर्षं राहतील. पण दिवे लागल्यावर खोलीत जो वास पसरेल, तो फक्त त्या हातभर माळेचा असेल.